पुरुषांनी पुढे चालायचं, मागे वळायचं नाही

सुधाक्कांनी मला डोंगरावर शू करायला शिकवलं.

हसा खुशाल. पण आज सकाळी त्या गेल्याचा फोन आला आणि पहिल्यांदा हेच आठवलं.

नव्वदचं दशक. लग्नाला जेमतेम सहा महिने. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सुट्टी मिळाली की याच्या पाठीवर सॅक. मी साताऱ्याची, बंगलोरमध्ये ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. "चल माझ्याबरोबर," म्हणाला. गेले.

सुधाक्का त्याच्या ट्रेकिंग ग्रुपच्या लीडर. जे. पी. नगरला राहायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरचं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. पन्नाशीच्या, सलवार-कमीजखाली कॅनव्हासचे बूट.

निघायच्या आधी त्यांच्या घरी सगळ्यांच्या सॅकची झडती. माझा चिवड्याचा डबा लगेच बाहेर.

"अय्यो, हे खाऊन नुसती तहान लागेल गं. गूळ-शेंगदाणे घे."

पुळियोगरेचा गोज्जू मात्र त्या स्वतः करायच्या. चिंचेचा तो घट्ट मसाला गरम भातात कालवला की जेवण तयार, आणि प्रवासात खराबही होत नाही.

प्रत्येक सॅकला सुतळीने बांधलेला साबणाचा तुकडा. हात न धुता कुणी डब्यात घातला की मेलाच तो.

आणि अक्कांच्या सॅकमध्ये कायम एक गडद हिरवी सुती साडी. चिकपेटेच्या बाजारातली, स्वस्तातली. पोरं चिडवायची, "अक्का, वर कुणाचं लग्न आहे?" त्या साडीची घडी नीट करून परत सॅकमध्ये ठेवायच्या.

तर, कुमारपर्वत. माझा पहिलाच ट्रेक.

आधी दाट जंगल, मग नुसता उघडा गवताळ डोंगर. आडोसा म्हणून एक झुडूप नाही. बायका दोघीच, मी आणि अक्का. बाकी सगळे पुरुष.

मी पहाटेपासून पाणीच प्यायले नव्हते. का, ते बायकांना सांगायला नको. तोंड ओलं करायचं आणि बाटली परत ठेवायची.

दुपारी डोकं फुटायला लागलं. मग उलटी. मग मी मटकन खाली बसले.

नवरा घाबरला. आणि घाबरला की तो चिडतो.

"झेपत नाही तर आधी सांगायचं ना! अक्का, मी हिला खाली नेतो. पुढच्या वेळी घरीच थांब तू."

घरीच थांब.

म्हणजे त्या दोन खोल्यांत, एकटीने, दर सुट्टीला. डोक्यापेक्षा ते जास्त दुखलं.

अक्कांनी माझी बाटली उचलून बघितली. गच्च भरलेली. माझ्याजवळ टेकून हळूच विचारलं, "सकाळपासून गेलीच नाहीस ना?"

मी मान हलवली आणि मला रडूच फुटलं.

अक्का उठल्या.

"सगळे पुढे चला. त्या वळणापलीकडे. मागे वळायचं नाही."

"पण अक्का, तिला बरं नाहीये," नवरा म्हणाला.

"तिला काय झालंय ते कळलंय मला. तू सकाळपासून दहा वेळा झाडामागे गेलास. ही कुठे गेली, विचारलंस?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गेला गुपचूप.

मग साडी निघाली. दोन्ही हात पसरून, माझ्याकडे पाठ करून अक्का तो पडदा धरून उभ्या राहिल्या.

"सावकाश कर. डोंगर कुठे पळत नाही."

नंतर मीठ-साखरेचं पाणी. "स्वल्प स्वल्प पी. गटागट नको." मग तीच साडी काठ्यांवर ताणून माझ्यापुरती सावली.

ऊन उतरल्यावर मी उठले. संध्याकाळी गोज्जू-भात दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी माथ्यावर पोचले, माझ्या पायांनी.

तिथे विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

"तुझ्याएवढी होते तेव्हा मीपण अशीच चालले. पाण्याशिवाय. लघवीला आग, फणफणून ताप. उचलून खाली आणलं मला. घरच्यांनी मग कितीतरी वर्षं डोंगर बंदच केला."

खालच्या ढगांकडे बघत म्हणाल्या, "एवढे लोक होते गं बरोबर. चांगले होते सगळे. विचारलं कुणीच नाही."

अक्का, तुम्ही विचारलंत.

त्यामुळे मला डोंगर मिळाले, मैत्रिणी मिळाल्या, हे शहर माझं झालं. हे तुम्हाला समोर बसून कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतेय.

सुखाने जा, अक्का. साष्टांग नमस्कार.