लाल काचेतलं लुगडं

आमचा सॅन्टन म्हणजे सांडोरचा काळ्या-पांढऱ्या फोटोंचा शेवटचा वेडा. सत्त्याण्णव साल, सगळ्या वसईत रंगीत फोटो, अन् माझा नवरा मात्र केळीच्या बागेत कॅमेरा लावून ढगांची वाट बघत बसणार! घरात मीठ संपलेलं कळायचं नाही, आभाळात ढग आला की बरोब्बर कळायचं.

लेन्सवर चढवायची एक लाल काच होती त्याच्याकडे. ती निळा-हिरवा उजेड अडवते, लाल तेवढा आत सोडते. मग फोटोत आभाळ काळंभोर आणि ढग पिंजलेल्या कापसासारखे. 'सुझान, हे बघ स्वप्नातलं आभाळ,' म्हणायचा. 'स्वप्नात भात शिजत नाही हो,' मी म्हणायची. पण ते फोटो मला आवडायचे, खोटं कशाला बोलू?

माझ्या सासूबाई सालोमी. त्यांचं लग्न लाल लुगड्यात झालेलं. तेव्हा आम्हां ख्रिस्ती लोकांत तेच नेसायचे. पांढरे गाउन मागाहून आले. कुणाचंही लग्न असो, आई नवरीच्या गाउनचा घेर हळूच चिमटीत धरून बघायच्या. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, चर्चमध्ये मिस्सा ठरली, तेव्हा मी विचारलं, 'आई, शिवू या का तुम्हाला एक गाउन?'

'गप गं! या वयात? लोक तोंडात शेण घालतील.' बोलल्या खऱ्या, पण डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं.

मिस्सा झाल्यावर आई आणि बाबा बागेत उभे राहिले. आईंचं नेहमीचंच, पिवळ्या चौकड्यांचं लाल लुगडं. मागे ढग जमलेले, सॅन्टन हरखलेला. एकच फोटो निघाला आणि फिल्म संपली.

संध्याकाळी फोटो धुवायच्या खोलीतून तो ओरडला, 'सुझान, घात झाला गं!'

ढगांच्या नादात लाल काच तशीच राहिली होती. लुगड्याचा लाल सगळा आत शिरला, उजेड जास्त तिथे पांढरं, म्हणून फोटोत लुगडं पांढरंशुभ्र! चौकड्यासुद्धा विरून गेल्या. केळीची पानं काळोखी, आणि त्यांतून आई चांदण्यात चालत आल्यासारख्या.

'रोज बघतो ना, लुगडं लाल आहे हेच विसरलो,' सॅन्टन डोकं धरून बसला. 'आता आईला काय तोंड दाखवू?'

ओला फोटो मीच बाहेर नेला. आईंनी तो उजेडात धरला. कितीतरी वेळ त्या पांढऱ्या घेरावर बोट फिरवत राहिल्या. मग बाबांकडे वळल्या.

'अहो, मी अशी आले होते का तुमच्या घरी?'

बाबांनी चष्मा पुसला, फोटो नीट बघितला.

'मला तर अशीच दिसली होतीस.'