हॅदरस्टेड साहेबांचं आडनाव

हॅदरस्टेड आडनावाचे शेवटचे पुरुष शारजात, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे.
आज त्यांचा स्मृतिदिन. तो कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही शारजाच्या रोल्ला भागात होतो. साहेब एकटे. बायको वारलेली, मुलगी इंग्लंडला. माझं इंग्लिश मॅट्रिकचं, त्यांचं हिंदी गल्फचं. तरी गप्पा चालायच्या.

एकदा मी विचारलं, हे आडनाव आलं कुठून?
साहेब खुलले. हॅदरस्टेड ही इंग्लंडातली डोंगरावरची वाडी. जमीनदाराने मेंढ्या चारायला माणसं हुसकून लावली. चर्चची एक भिंत उरली, बाकी खलास. वाडीत असताना हे आडनाव कुणालाच नव्हतं. बाहेर पडल्यावर लोक विचारायला लागले, कुठले तुम्ही? तेच चिकटलं.

म्हटलं, म्हणजे तुम्ही हॅदरस्टेडकर! आम्ही वालावलकर, तसेच.
इतकं आवडलं त्यांना, की खाली जाऊन वॉचमनलाही सांगून आले.

त्या वर्षी सर्वपित्रीला आमचे हे तर्पण करत होते. वडील, आजोबा, पणजोबा, एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडायचं. साहेब मी पाठवलेला जेवणाचा डबा परत द्यायला आले आणि दारातच थांबले.

"मेरा नाम कौन बोलेगा?"

मी म्हटलं, मुलगी आहे ना. तर म्हणाले, तिचं लग्न झालं, आडनाव बदललं. मग मलाच विचारलं, "तुम्हारा नाम बदला, तब फादर क्या बोला?"


बाबांना कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे साहेब हॉस्पिटलमध्ये. मिनिटाला किती पैसे पडतात याचा हिशेब न ठेवता मी इंग्लंडला फोन लावला. मुलगी निघाली, पण पोचायच्या आत ते गेले.
आदल्या संध्याकाळी ह्यांनी त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "साहब, मैं बोलूँगा. हर साल."

आणि बोलले. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, तसं काश्यप गोत्र लावून. दरवर्षी.

मागच्या वर्षी हे गेले.

मुलाला म्हटलं, आता तू कर. "आई, आय डोन्ट इव्हन नो अवर ओन नेम्स."
गुरुजी म्हणाले, परधर्माच्या माणसाचं कसं घेणार?
आमच्यात बायका तर्पण करत नाहीत. देवासमोर बसून राहिले.

शब्द दिलेला माणूस गेला. शब्द माझ्याकडे राहिला.

म्हणून इथे लिहितेय. वाचणाऱ्यांनी एवढं करा. मनात नको, एकदा तोंडाने म्हणा.

हॅदरस्टेड.

साहेब, यंदा माझ्याच्याने एवढंच झालं.
नमस्कार घ्या.