गळ्याला लावलेली पँट

कोऱ्या कापडाचा वास आला की मला सोलमधला तो जमिनीखालचा बाजार आठवतो. घरातली पहिली पदवीधर मी, हुबळीजवळच्या बेलूरच्या कारखान्याने प्रशिक्षणाला कोरियात पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर बोलायचं, आणि माझी एकुलती चांगली पँट जिन्यावर फाटली. भुयारात पांढऱ्या दिव्यांखाली दुकानाला दुकान लागलेलं, कुठूनतरी माशाच्या रश्श्याचा वास. दुकानातल्या बाईंनी मोबाइलवर भाषांतर ऐकवलं, “घालून बघता येणार नाही. परत घेत नाही.” मी आईला फोन लावला. “अगं, जुन्या हुबळीच्या बाजारात कुठं घालून बघतो आपण? गळ्याला लाव की! मानेमागे टोकं जुळली की कंबरेला बसते.” बटण लावलेल्या पँटची कंबर मी गळ्याभोवती धरली. दोन्ही टोकं मानेमागे बरोबर जुळली. बाई हसून बेजार. “हसा अक्का, हसा!” म्हणत मी पँट घेतली. सकाळी ती अंगावर शिवल्यासारखी बसली आणि मी कुठंही न अडखळता बोलले. काही दिवसांनी तिथून जाताना पाहिलं, तर त्याच बाई एका गिऱ्हाइकाच्या गळ्याला पँट लावून खुशीत मान डोलावत होत्या. आज ती पँट गळ्याला लावली तर टोकं जुळत नाहीत, पण ती मी कुणाला देणार नाही.