तत्त्वज्ञानाच्या वर्गातली मंगल

परवा आठवडी बाजारात मी कोथिंबीर निवडत होतो, तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. बसण्याच्या जागेवरून भांडण पेटलं होतं आणि एका भाजीवाल्याने शेजारच्याच्या खांद्यावर कोयता घातला होता. रक्ताची चिळकांडी टोमॅटोंवर उडाली. माणसं वाट फुटेल तिकडे पळत सुटली. तो दुसरा वार करणार, एवढ्यात एका महिला फौजदाराने त्याच्या मनगटावर काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्याला चिखलात पालथा पाडून, पाठीवर गुडघा रोवून ती ओरडली, "आधी त्या जखमीला गाडीत घाला!"

आवाजावरून ओळखलं. आमच्या वर्गातली मंगल! बी.ए.ला आम्ही दोघांनीही तत्त्वज्ञान घेतलं होतं. अहिंसेवर तर ती सरांशीही तासन्‌तास वाद घालायची.

दोघांनाही नेल्यावर मी जवळ गेलो. "मंगल, तू पोलिसात?"

"वडील गेले, भरती निघाली, परीक्षा दिली. आणि तू?"

"फरशांचं दुकान आहे."

ती हसली. विषय निवडताना आपण आयुष्यच निवडतोय, असं तेव्हा किती गंभीरपणे वाटलं होतं! आयुष्याने मात्र आम्हाला काही न विचारताच कामाला लावलं.

बोलता बोलता ती पाण्याची बाटली उघडू लागली. झाकण काही फिरेना, इतके तिचे हात थरथरत होते. मी बाटली घेतली आणि उघडून दिली.