लॅपटॉपवर बोर्ड खोटा होता, मोटर खरी होती

मंडळी, आज दुपारी जे झालं ते लिहून टाकते.

मामांचं शेत जिंतूरकडं. टाकी रिकामी झाली की विहिरीवरची मोटर नेटवरून चालू करणारा छोटा लिनक्स बोर्ड मीच त्यांच्याकडं बसवला होता. तो बिघडला, म्हणून त्याचं मेमरी कार्ड परभणीला आणलं. त्यातला प्रोग्राम एआरएम प्रोसेसरसाठी बनवलेला, माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळा. मग एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून लॅपटॉपच्या आतच खोटा बोर्ड उभा केला.

पहिल्या झटक्यात चालला! मी खुश. तेवढ्यात स्क्रीनवर ओळ आली: 'टाकी रिकामी. मोटर चालू.'

टाकीतलं पाणी मोजणारा सेन्सर लॅपटॉपला जोडलेला नव्हता, म्हणून प्रोग्रामला टाकी रिकामी दिसली. पण माझं वायफाय खरं होतं. हुकूम थेट शेतातल्या स्टार्टरला गेला होता. आणि मामा सकाळीच म्हणाले होते, "दुपारी मोटरच्या वायरीला जोड मारायचाय."

मी लॅपटॉप बंद केला आणि फोन लावला. उचलेनात. परत लावला. तरी उचलेनात.

चौथ्यांदा आवाज आला, "अगं माय, हातात वायर हाय. काय झालं?"

"मामा, मोटर चालू झाली का?"

"कशी होईल? फ्यूज माझ्या खिशात हाय."



बोर्ड बसवला त्या दिवशी मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "मामा, आता फ्यूज काढत बसायची गरज नाही."

तुम्ही घरच्यांना असं काय काय सांगून ठेवलंय?