नवरीची गाडी कोण चालवणार

आमच्या जेवणाच्या टेबलावर हल्ली एकच वाद रंगतो: आजवर कुणाची कुठली गाडी सगळ्यांत जास्त पैसा वसूल निघाली. जावई म्हणतात, त्यांची पहिली. नातू म्हणतो, छे, जिचे सुटे भाग स्वस्त ती खरी. लिटरला किती पळाली, विकताना किती आले, गॅरेजात किती वेळा गेली. मला कुणी विचारत नाही. म्हातारीला गाडीतलं काय कळतंय! अरे, तुमच्यापैकी कुणाच्या हाती चाक येण्याआधी मी या बेंगळूरच्या रस्त्यांवर गाडी चालवत होते. आयुष्यात एकच गाडी माझी झाली आणि तिच्याइतकी वसूल झालेली गाडी या घरात पुन्हा आलेली नाही. का, ते सांगते.

छोटीशी, राखाडी रंगाची, जुनी विलायती गाडी होती. कँटोन्मेंटातली एक मड्डम मायदेशी परत निघाली, तिच्याकडून ह्यांनी घेतली. ह्यांना ती फार दिवस लाभली नाही. तापाचं निमित्त झालं आणि हे गेले. दिवसकार्य आटोपलं नाही तोच थोरले भावजी गिऱ्हाईक घेऊन दारात हजर.

"बाईमाणसाला गाडी काय करायची?" भावजी म्हणाले.

"चालवायची," मी म्हणाले.

रागानं बोलून गेले. गाडी चालवता येत होती कुठं? पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायचा नाही, हा माझा स्वभाव. त्याचे तोटे मला ठाऊक आहेत, उगीच कुणी सांगायला नको.

मी तेव्हा कँटोन्मेंटातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. तिथल्या चित्रकलेच्या बाई अँग्लो-इंडियन, स्वतःची गाडी स्वतः चालवायच्या. रविवारी त्या मला कोरमंगल्याच्या शेतांकडे घेऊन जात आणि रिकाम्या रस्त्यावर शिकवत. एकदा क्लच सुटला आणि गाडी थेट रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिकात घुसली. शेताची मालकीण कमरेवर हात ठेवून पोटभर हसली, मग स्वतःच मागून धक्का दिला आणि म्हणाली, "अक्का, स्वल्प निधाना!" जरा दमानं घे. पुढं शिवाजीनगरच्या बाजारातून, जटके, म्हणजे घोड्याचे टांगे, आणि सायकली चुकवत, मी गाडी काढायला लागले तेव्हा लोक थांबून बघायचे. बघू देत की. बघून गाडी झिजत नाही.

आमच्या गल्लीत दुसरी गाडी नव्हती. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखलं, की माझ्या दारावर थाप पडायची. त्या वेळी माझं कुंकवाविना कपाळ कुणाला दिसत नसे. भावजींच्या सुनेला मीच इस्पितळात नेलं. रस्ताभर ती माझं नाव घेऊन ओरडत होती आणि मोठी जाऊ, म्हणजे आमच्या अक्का, तिचा हात धरून "लवकर, लवकर" म्हणत होत्या. मुलगा झाला. बाळ-बाळंतीण घरी आणायची वेळ आली तेव्हा मात्र जटका बोलावला. नवा जीव पहिल्यांदा घरी येतोय, समोर विधवा कशाला? घाम माझ्या गाडीत आणि पेढे जटक्यात! मला राग आला. अजून येतो.

गल्लीतल्या लग्नांनाही गाडी लागायची. गाडी, मी नव्हे. किल्ली द्यायची, त्यांचा कुणीतरी माणूस गाडी न्यायचा, हार-फुलं लावून मिरवायचा आणि संध्याकाळी परत आणून लावायचा. दसऱ्याच्या आयुधपूजेला अक्का गाडीला हळदकुंकू वाहायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायच्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. म्हणजे गाडी सवाष्ण आणि तिची मालकीण विधवा. वर्षानुवर्षं मी हे चालवून घेतलं. शेजारधर्म म्हणा, नाहीतर भांडायचा कंटाळा म्हणा.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, धारवाडकडचा, नोकरीला इथंच. कन्यादान भावजी आणि अक्का करणार, असं ठरलं. मी "सरी" म्हणाले, म्हणजे बरं. मुहूर्ताच्या वेळी मी आतल्या खोलीत बसायचं, असं ठरलं. त्यालाही "सरी" म्हणाले. मग भावजी म्हणाले, नवरीला मांडवात न्यायला ऑफिसातला एक ड्रायव्हर सांगितलाय.

गाडी दुसऱ्याच्या हातून सुरूच झाली नाही, असं काही घडलं असतं तर गोष्ट किती छान झाली असती! तसं काही झालं नाही. ड्रायव्हरनं आदल्या दिवशी गाडी चालवून बघितली आणि ती गुणी गाय मुकाट्यानं त्याच्यासंगं फिरून आली. जे बोलायचं ते मलाच बोलावं लागणार होतं.

"नवरीची गाडी मी चालवणार," मी म्हणाले.

भावजींनी कपाळाला हात लावला. "मुलाची आजी फार कर्मठ आहे. आलवण नेसते, सोवळं पाळते. नवरीच्या पुढं तू दिसलीस तर ती मांडवातून उठेल. लग्न मोडलं तर तू निस्तरणार?"

"गाडी हवी असेल तर चालवणारीसकट मिळेल. नाहीतर जटका बोलवा."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. हट्ट स्वल्प बाजूला ठेव की."

"एका दिवसाचाच आहे ना? मग एक दिवस तुम्ही सोसा. मी रोज सोसते."

बोलायला बोलले खरी. लग्न खरंच मोडलं असतं तर? आयुष्य मुलीचं होतं, माझ्या हट्टापायी ते पणाला लावायचा मला काय हक्क? म्हणून लग्नाच्या सकाळी तिलाच विचारलं. ती मुंडावळ्या बांधून बसली होती. भावजी काय म्हणाले ते सगळं सांगितलं, आजीचंही. तिनं आरसा उचलला, मुंडावळ्या सारख्या केल्या, पुन्हा सारख्या केल्या. मी मनातल्या मनात किल्ली ड्रायव्हरच्या हातात देऊनही टाकली.

"हळू चालव हं, अम्मा," शेवटी ती म्हणाली. "मुंडावळ्या हलतात."

मी हळू चालवली. कल्याण मंडपाच्या दारात नवऱ्याकडच्या बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. गाडी थांबली, त्यांनी आधी नवरीला पाहिलं आणि मग मला. ताट होतं तिथंच राहिलं. कुणी पुढं येईना. मीही उतरले नाही. चाकावर हात ठेवून समोर बघत बसले. मागं माझ्या मुलीचा श्वास मला ऐकू येत होता.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. काठी टेकत, लाल आलवणातली एक म्हातारी बाहेर आली. तिलाही आतल्याच खोलीत बसवलं होतं, हे मला नंतर कळलं. भावजी हात जोडून पुढं धावले. "आजी, तुम्हाला चालणार नाही म्हणून आम्ही हिला परोपरीनं सांगितलं होतं..."

"मला चालणार नाही असं कोण म्हणालं?"

भावजींनी नवऱ्याच्या वडिलांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

"मला कुणी विचारलं?" म्हातारी म्हणाली. मग बायकांकडं वळली. "ओवाळा तिला. उन्हात पोर ताटकळलीय."

ओवाळलं. म्हातारी खिडकीशी आली आणि गाडीच्या आत वाकून बघायला लागली. चाक, गियरचा दांडा, माझे हात.

"वरातीलाही तूच का?" तिनं विचारलं.

"मीच."

"तुझ्याशेजारी जागा आहे?"

संध्याकाळी वरात निघाली तेव्हा मागं नवरा-नवरी आणि पुढं आम्ही दोघी बसलो होतो. तिच्या मुलानं "आई, तू नको" म्हणून पाहिलं, तिनं आपल्या हातानं दार ओढून घेतलं. वाजंत्र्यांमागून गाडी रांगत चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बघत होते, काही बायकांनी तोंडं फिरवली. माझ्या मुलीचा संसार पुढं चांगला झाला, पण ते मी पुरावा म्हणून सांगत नाहीये. तो वाईट झाला असता तरी आम्ही दोघी पुढं बसलो म्हणून झाला नसता.

वाजंत्री थांबली, रस्ता मोकळा झाला, मी गियर बदलला. वारा आत घुसला आणि म्हातारीचा पदर डोक्यावरून खाली आला. कितीतरी वर्षं कुणी न पाहिलेलं तिचं वपन केलेलं डोकं भर रस्त्यात उघडं पडलं. मी घाईघाईनं ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबवू का? पदर घ्या."

"राहू दे," ती म्हणाली. "तू चालव."