अण्णांच्या काडेपेटीतल्या सहा काड्या

रविवारी दुपारी सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉलमध्ये मी इतक्या जोरात ओरडले की चहावाला किटली घेऊन जागीच थांबला. दोन दिवस झाले, राग अजून उतरत नाही... म्हणून लिहितेय.

मी जुन्या जाहिरातींच्या काडेपेट्या जमवते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पूर्वी चादरवाले, विडीवाले, लॉजवाले आपल्या नावाच्या काडेपेट्या छापून गिऱ्हाइकांना वाटायचे. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक अख्खं कपाट त्यांनी भरलंय.

त्यातली एक सीमेवरच्या दुधनी गावच्या अण्णांची. त्यांच्या वडिलांचं तिथे आडत दुकान होतं. दिवाळीला ते शेतकऱ्यांना काडेपेटी द्यायचे... वर बैलजोडी, खाली दुकानाचं नाव, मराठीत आणि कानडीतही.

अण्णांकडे ती एकच उरली होती. वडील त्यातल्याच काडीनं रोज दुकानातला दिवा लावायचे. चाळीस वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा आत सहा काड्या शिल्लक होत्या, त्या अण्णांनी तशाच जपल्या. तीन वर्षं मी त्यांच्याकडे येत-जात होते, तेव्हा कुठे या उन्हाळ्यात त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "अक्का, तुमी नीट ठेवता, म्हनून देतो."

आणि मी काय केलं? एका मंडळाच्या जुन्या सोलापूरवरच्या प्रदर्शनाला चाळीस पेट्या दिल्या, त्यात हीसुद्धा. काचेखाली ठेवा, उघडू नका, असं दोनदा बजावून सांगितलं होतं...

रविवारी जाऊन बघते तर भिंतीवर थर्माकोलचा मोठा नकाशा, आणि त्यावर माझ्या पेट्यांची चित्रं. कात्रीनं कापून, डिंकानं चिकटवलेली! चित्र कापून उरलेल्या पेट्या चेपून कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात.

संयोजक हसत पुढे आले. "मॅडम, लूक बघा ना! सकाळपासून लोक सेल्फी काढतायत."

काड्या कुठे गेल्या, विचारलं. तर म्हणे, उद्घाटनाला समई लावायला माचिस सापडेना, तेव्हा त्या बैलजोडीच्या पेटीतल्या उपयोगी पडल्या. तीन पेटल्याच नाहीत, चौथी पेटली. उरलेल्या दोन कुठे पडल्या, कुणालाच ठाऊक नाही.

मी काय काय बोलले, ते आता आठवत नाही. संयोजक मात्र एकच धरून बसले होते... "अहो, साध्या काडेपेट्या तर आहेत. चित्रं आहेत ना शाबूत?"

तेवढ्यात अण्णा आत आले. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, सोबत नात. मीच फोन करून बोलावलं होतं, तुमच्या वडिलांचं नाव सोलापूरकर बघतील म्हणून!

खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. अण्णांनी नकाशावर बैलजोडी शोधली. मग विचारलं, "चौथी पेटली म्हनता?"

"हो."

"चाळीस वर्सं झाली की..." एवढंच बोलले. मग माझ्याकडे वळले. "म्या तुमाला दिलो होतो, अक्का. यांना न्हाय. मला इचारायचं तरी!"

संयोजकांवर ओरडताना मी केवढी खरी होते... आणि अण्णांसमोर मान वर करता येईना.

मग ते संयोजकांपुढे उभे राहिले. आवाज चढवला नाही. "माझ्या बापाचं नाव हाय ते. काढा. आत्ता."

इतका वेळ हसणारा तो माणूस मुकाट्यानं ओलं फडकं घेऊन आला. बैलजोडीचा एक कोपरा फाटला, पण नाव निघालं. अण्णांनी ते नातीच्या वहीत ठेवलं आणि म्हणाले, "हे आता घरी ऱ्हाईल."

मी "परत द्या" म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

बाकीची चित्रं मी त्याच दिवशी उतरवून आणली. मंडळाला लेखी माफी मागायला सांगितलंय, अजून साधा मेसेजही नाही. माझ्यासारखं काही जमवत असाल तर एवढंच ऐका... कुणी विश्वासानं दिलेली वस्तू, त्यांना विचारल्याशिवाय पुढे देऊ नका.

अण्णांनी मला माफ केलं की नाही, माहीत नाही. पण निघताना ते एवढंच म्हणाले, "दुधनीला या, बोलू." मी एवढं करूनही त्यांनी दार बंद केलं नाही, याबद्दल त्यांची आभारी आहे.